दहानंतरचा गळा

सकाळी साडेदहा

लग्नसराईत गोंधळ्याच्या घरची सकाळ साडेदहाला होते. रात्रीचा गोंधळ पूर्णा तालुक्यात असेल तर आरती आटोपून, शिधा बांधून, वाहन धरून परभणीत पोचायला पाच वाजतात आणि अंग टाकायला सहा. शहराच्या कडेला दोन खोल्यांत राहणारे हे नायक साठी ओलांडलेले आहेत. पार्टीतले सगळे त्यांना आबा म्हणतात. इथंही आबाच म्हणू.

उठल्यावरचा पहिला तास आबा तोंडातून शब्द काढत नाहीत. चहा हवा तर पेला पुढे करतात, पंखा बंद करायचा तर बोट वर करतात. रात्रभर ताणलेल्या स्वरतंतूंना सूज असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो. कुजबुजणंही बंद, कारण दबक्या आवाजात बोलताना गळा नीट बोलण्यापेक्षा जास्त आवळला जातो. हे त्यांना कुणा डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, वडिलांनी सांगितलं होतं. इटलीतल्या ऑपेराचे गायकही प्रयोगाच्या दिवशी असंच मौन धरतात, असं मी सांगितलं तेव्हा आबांनी नुसती मान डोलावली. तो तास संपला नव्हता.

अकराला फोन सुरू होतात. ते सून घेते आणि तिची प्रश्नावली ठरलेली आहे. लगीन का जावळ? कुलस्वामिनी तुळजापूरची का माहूरची? अंगण हाय का गल्ली? गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भाग. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. आबा कदमराई, पण माहूरच्या घरचं बोलावणं परत पाठवत नाहीत. "बहिणी बहिणी हायत त्या," एवढंच म्हणतात. सुपारी ठरली की ती देव्हाऱ्याशेजारच्या डायरीत जाते. अक्षय्य तृतीयेपासून पावसाळ्यापर्यंतची पानं भरलेली, आषाढात देव झोपले की कोरी. त्या कोऱ्या पानांच्या दिवसांत पार्टीतला एक जण कापसाच्या रानात खुरपायला जातो, एक जण रंगकाम करतो. नवरात्र आलं की पुन्हा संबळ खाली उतरतो.

दुपारी बारा

ज्वारीची भाकरी, फोडणीचं वरण, कांदा. लोणचं नाही, ताक नाही. मे महिन्यात परभणीचा पारा 42-43 वर असतो, घरातला माठ पाझरत असतो आणि आबा कोमट पाणी पितात. ज्येष्ठमधाची काडी खिशात कायम. नातवंडं आजोबांसमोर बर्फाचा गोळा खातात तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसतात. यातलं शास्त्र किती आणि सवय किती हा भाग वेगळा; पण साठीनंतर रात्रीचे सहा-सात तास गाणारा माणूस आपल्या गळ्याविषयी काही सांगत असेल, तर मी तरी वाद घालणार नाही.

आबांचा आवाज मराठी कानाला जरा अनोळखी आहे. आपल्याला शाहीर, गोंधळी, वासुदेव यांचे आवाज वरच्या पट्टीतले, गावकुसापलीकडे जाणारे असे हवे असतात. आबांचा त्याहून खालचा, भरदार, छातीतून निघणारा. वीस-बाविशीपर्यंत ते झीलकरी होते, म्हणजे मागे उभं राहून नायकाच्या ओळीचा शेवट उचलायचा, झील ओढायची. वडिलांच्या वरच्या पट्टीत ओढता ओढता गळा बसायचा. एका रात्री वडील तापाने पडले, आबांनी आख्यान आपल्या पट्टीत लावलं, आणि संबळवाल्यालाच प्रथम कळलं की या पोराने पुढं उभं राहायला हवं.

पाश्चात्त्य संगीतात अशा आवाजाला बॅरिटोन म्हणतात. पुरुषी आवाजाच्या तीन मुख्य प्रकारांतला मधला: खाली बास, वर टेनर. इटालियन ऑपेरात नायिकेवर प्रेम करतो तो टेनर. बॅरिटोनच्या वाट्याला बाप येतो, खलनायक येतो, राजा येतो, विदूषक येतो. ज्युसेप्पे वेर्दीने तर या आवाजाला आपल्या ऑपेरांचा कणाच केलं. 1842 च्या 'नाबुक्को'तला राजा, 1847 चा मॅकबेथ, 1851 च्या 'रिगोलेत्तो'तला कुबडा विदूषक, 1853 च्या 'ला त्राव्हियाता'तला मुलाच्या प्रेमाआड येणारा बाप. सगळे बॅरिटोन.

अशा भूमिका गाणाऱ्या एका बॅरिटोनची गोष्ट आबांना फार आवडली. एत्तोरे बास्तियानिनी, 1922 चा जन्म, सिएना गावचा. पोरवयात मिठाईवाल्याकडे कामाला होता. 1945 साली रंगमंचावर आला तो बास म्हणून. सहा-सात वर्षं खालच्या आवाजाच्या भूमिका करत राहिला आणि मग लक्षात आलं की आपला गळा त्याहून वर राहतो. काही महिने थांबून त्याने आवाज नव्याने घडवला आणि 1952 च्या जानेवारीत आपल्याच गावात 'त्राव्हियाता'तला बाप गाऊन बॅरिटोन म्हणून उभा राहिला. पुढची दहा वर्षं मिलानच्या ला स्कालापासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनपर्यंत त्याची होती. 1962 मध्ये घशाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्याने ते लपवून ठेवलं आणि गात राहिला. आवाज उतरत गेला, लोक नावं ठेवू लागले, तरी कारण सांगितलं नाही. 1965 पर्यंत गायला, 1967 मध्ये गेला. वय 44.

आबांनी विचारलं, "लपवलं कामून?"

सून आतून म्हणाली, "सुपाऱ्या गेल्या असत्या की."

दुपारी दोन

तालीम म्हणावी असं इथं काही नसतं. आबा खाटेवर आडवे, धाकटा मुलगा खाली बसून तुणतुण्याची तार सारखी करतो, आणि आबा मधूनच त्याला विचारतात, "हरिश्चंद्र डोंबाघरी गेला, तारामती कुठं हाय?" मुलाने तिथून चार ओळी म्हणायच्या, चुकला तर आबा डोळे न उघडता पुढची ओळ सांगतात. वही नाही. हरिश्चंद्र-तारामती, श्रियाळ-चांगुणा, अंबरीष राजा, नळ-दमयंती, महिषासुराचा वध, रेणुकेचं आख्यान, सगळं तोंडी. आणि तोंडी म्हणजे तंतोतंत पाठ नव्हे. कथेचे मुक्काम ठरलेले, दोन मुक्कामांमधली वाट रोज नवी. समोर शेतकरी असतील तर हरिश्चंद्राच्या राज्यात दुष्काळ पडतो, मास्तर लोक असतील तर विश्वामित्र शाळा तपासायला येतो.

परभणीत आख्यान म्हटलं की राजारामबापूंचं नाव निघणारच. गोंधळमहर्षी राजारामबापू कदम या जिल्ह्याचे. गोंधळाला गावाच्या अंगणातून मुंबईच्या रंगमंचापर्यंत नेणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटरसाठी अशोकजी परांजपे महाराष्ट्रभर फिरून लोककला गोळा करत होते, त्या शोधात बापूंचं भांडार पुढे आलं. त्यातलंच एक जांभूळ आख्यान. पाच नवऱ्यांच्या द्रौपदीच्या मनात कर्ण येतो, कृष्णाला ते कळतं, आणि तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला चिकटवायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं अशी अट पडते. व्यासांच्या महाभारतात हे नाही. गोंधळ्याच्या महाभारतात आहे, आणि द्रौपदीला दोष न देता आहे. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर उभं केलं आणि अख्ख्या महाराष्ट्राला माहीत करून दिलं. उमप 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले, तेव्हा ते 79 वर्षांचे होते.

आबा स्वतः जांभूळ आख्यान क्वचित लावतात. "बापूंनी लावलेलं ऐकलंय मी. मपल्या तोंडून ते मलाच ऐकू वाटत नाही." त्यांचा गळा बापांच्या आख्यानांना लागतो. राज्य देऊन मुलाला मुकलेला हरिश्चंद्र, पाहुण्याच्या ताटात पोटचा गोळा वाढणारा श्रियाळ. वेर्दीने बॅरिटोनला बाप का दिले याचं उत्तर संगीताच्या पुस्तकांत शोधायची गरज नाही. खालचा आवाज ओरडला तरी रडका होत नाही, आणि थांबला की ऐकणाऱ्याला काळजी वाटते.

दुपारी चार

छोटा हत्ती येतो. मागे ताडपत्री, ताडपत्रीखाली संबळ फडक्यात गुंडाळलेला, तुणतुणं, झांजा, दिवटी, तेलाचा डबा, कपड्यांची पेटी. पुढच्या सीटवर आबा, गळ्याला उपरणं. आज गंगाखेडच्या पलीकडचं गाव. वाटेत पोखर्णीच्या नृसिंहाला गाडीतूनच हात जोडले जातात. रान उघडं पडलेलं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. गोदावरीच्या पुलावर वारा येतो तोही गरम. पूल ओलांडला की गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव, आणि इथं चहा घ्यायचाच असा पार्टीचा नेम. आबांचा चहा बिनदुधाचा, आलं घातलेला.

रस्त्यात बोलणं होतं ते पैशाचं. गोंधळी समाज भटक्या जमातींच्या 'ब' गटात मोडतो, पण दाखल्यासाठी लागणारे जुने पुरावे वाडवडिलांनी कुठून जपायचे? म्हाताऱ्या कलावंतांना सरकारचं मानधन आहे. 2024 पासून ते महिना 5,000 रुपये झालं. कागद जमवायला मात्र कार्यक्रमांचे फोटो, पत्रिका, कात्रणं लागतात. ज्यांची कला अंगणात झाली आणि पहाटे संपली, त्यांच्याकडे कात्रण कुठलं असणार? आबांच्या मुलाने आता प्रत्येक गोंधळाचा मोबाइलवर फोटो काढायचं ठरवलंय. निम्म्या फोटोंत दिवटीचा उजेड तेवढा येतो.

संध्याकाळी सहा

गाडीतून उतरल्यावर आबा यजमानाला रामराम करतात आणि लगेच अंगणाच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवतात. ऐकतात. चार पावलं सरकून पुन्हा एक. एका बाजूला जुन्या वाड्याची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला नवीन घराचं पत्र्याचं शेड, वर मांडवाचं कापड. कापड आवाज खातं, पत्रा फाडतो, दगड परत देतो. आबा दगडी भिंतीकडे पाठ होईल अशी जागा धरतात आणि चौक तिथं पुढ्यात मांडायला सांगतात. डेकोरेशनवाल्याने झालर आणि खुर्च्या दुसरीकडे लावल्या होत्या. त्याची कुरकुर होते. यजमानाचा थोरला भाऊ मध्ये पडून खुर्च्या फिरवतो.

संबळवाला एका कोपऱ्यात बसलेला. संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन वाद्यं, एक लहान चढ्या आवाजाचं, एक मोठं घुमणारं, कमरेला बांधून दोन काड्यांनी वाजवायचं. एका काडीचं टोक वाकडं. पावसाळ्यात कातडं सैल पडतं तेव्हा ते दिवटीच्या आचेवर शेकावं लागतं. मे महिन्यात उलटं: कातडं इतकं आवळतं की लहान तोंडाचा आवाज टणक होऊन नायकाच्या स्वराला बोचतो. म्हणून तो ओला तळहात कातड्यावरून फिरवतो, काडी मारतो, कान लावतो, पुन्हा हात ओला करतो. हे अर्धा तास चालतं. वधूच्या मामाला वाटतं याला काही काम नाही.

सात ते नऊ

आबा पायघोळ झगा चढवतात, डोक्यावर पगडी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, पायात घुंगरू. अंगणात पाट येतो, त्यावर खण, खणावर धान्य, धान्यावर पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, विड्याची पानं, नारळ. पाच उसांची ताटं वर एकत्र बांधून त्याखाली घट, आणि मधोमध लोंबणारी फुलांची माळ. दिवटी पाजळते, नवरा-नवरी पुढ्यात बसतात. दुपारच्या लग्नाने दोघं इतकी दमलेली की नवरीच्या मुंडावळ्या डुलतात.

गण होतो, मग आवाहन. गोंधळाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच. नायक देवांना गावागावातून हाका मारतो: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर, आणि मग जवळची ठिकाणं, जनाबाईंचं गंगाखेड, पोखर्णी, औंढा. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला आणि औंढ्याचा नागनाथ त्यात गेला. आबांच्या आवाहनात तो अजून आपल्याच जिल्ह्यात राहतो. शेवटी यजमानाच्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा. आधी विचारून घेतलेलं असतं. बांधावरच्या देवाचं नाव तुळजाभवानीच्याच सुरात निघाल्यावर खुर्चीत मागं रेललेला म्हातारा पुढं येतो.

आपल्याकडे ऑपेरा म्हटलं की संगीत नाटकाचं नाव घेतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 1880 चं 'शाकुंतल' आणि पुढचं सगळं. मला ती तुलना कधी पूर्ण पटली नाही. संगीत नाटकात माणसं बोलतात आणि मधूनमधून गातात. कथा गाण्याच्याच अंगावर उभी राहते, देव-माणसं त्या सुरातच येतात-जातात, ते गोंधळात. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त गोंडली नृत्याचा उल्लेख आहे, म्हणजे हे काही काल-परवाचं नाही. तेव्हा तर इटलीत ऑपेरा जन्मायला अजून साडेचारशे वर्षं होती.

या दोन तासांत माइक चालू असतो आणि आबा त्यापासून हातभर लांब उभे राहतात. साउंडवाला पोरगा दोनदा येऊन स्टँड जवळ सरकवतो, आबा दोनदा मागं होतात.

रात्री दहा

साउंडवाला घड्याळ दाखवतो आणि मशीन बंद करतो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम: रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर नाही. राज्य सरकारला सणासुदीसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण कुणाच्या घरचं लग्न त्यात बसत नाही. पोलीस पाटील पाहुण्यांत बसलेले असतात, त्यामुळे घासाघीस होत नाही.

नव्या पार्ट्या इथं गोंधळ गुंडाळतात. आरती, पोत, बिदागी, गाडी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माइकवर वाढलेला गळा माइकवाचून संबळापुढे टिकत नाही. माझं मत विचाराल तर या नियमाने गोंधळाचं नुकसान केलं त्याहून भलं जास्त केलं, फक्त ते करून घेणारे गळे थोडे राहिले. आबांचा खरा गोंधळ दहाला सुरू होतो.

आधी अंगणाचा आकार बदलतो. मागच्या खुर्च्या रिकाम्या होतात, पोरं सतरंजीवर पुढं येतात, बायका पदर सावरत चौकाजवळ सरकतात. शे-सव्वाशे माणसांचं वर्तुळ उरतं. संबळवाला काड्या कातड्याच्या मधून कडेकडे नेतो, घुमारा कमी होतो. तुणतुणं, जे दोन तास ऐकूच येत नव्हतं, ते एकदम कानाशी येतं. आणि आबा पहिली ओळ टाकतात ती माइकवरच्यापेक्षा हळू.

तरी ती भिंतीपलीकडच्या गोठ्यात पोचते. मी जाऊन उभा राहिलो, शब्द न शब्द कळत होता.

ऑपेराचा गायक शंभर वाद्यांपुढे माइक न घेता कसा ऐकू येतो, याचा अभ्यास स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्ग यांनी केला आहे. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्‌झच्या आसपास एकवटलेला असतो आणि वर जाईल तसा ओसरतो. कसलेला गायक घशाची ठेवण अशी करतो की त्याच्या आवाजाची ताकद 3,000 हर्ट्‌झच्या आसपास गोळा होते. तिथं वाद्यांची गर्दी नसते, आणि माणसाचा कान नेमका तिथंच तीक्ष्ण असतो. म्हणजे गायक वाद्यांपेक्षा मोठ्याने गात नाही, वाद्यं जिथं नाहीत तिथून गातो. आबा याला "आवाजाला टोक काढणं" म्हणतात. बोलून दाखवताना ते तोंड कमी उघडतात, टाळू वर उचलतात, नाकाच्या मुळाशी बोट ठेवतात आणि म्हणतात, "हितं वाजायला पायजे. गळ्यात वाजला की बसला."

झीलकऱ्यांचं कामही आता कळतं. आबा ओळ टाकतात, शेवटच्या दोन शब्दांवर झीलकरी चढतात, आणि ते धरून असेतो आबा श्वास घेतात, घोटभर पाणी पितात, पुढची ओळ जुळवतात. नायकाची रात्र झीलकऱ्याच्या श्वासावर चालते. ज्याने बाविशीपर्यंत हेच काम केलं त्याला ते किती वेळ धरतील याचा अदमास असतो. धाकटा मुलगा आज एकदा लवकर सोडतो. आबा वळून बघत नाहीत, फक्त डावा हात मागे नेऊन बोटं हलवतात.

अकरा ते दोन

आख्यान कुठलं, यावर मांडवात थोडी रस्सीखेच. नवरदेवाच्या मित्रांना काहीतरी गमतीचं हवं. नवरदेवाच्या आजीला श्रियाळ राजाचं हवं. एक चुलता म्हणतो, लग्नघरी चिलया बाळाचं कशाला. आजी म्हणते, "शेवटी जित्ता होतो की रे त्यो." आजीचं चालतं.

गोष्ट सगळ्यांना माहीत. अतिथीच्या रूपात आलेला शंकर श्रियाळाकडे त्याच्या मुलाचं मांस मागतो, चांगुणेने डोळ्यांत पाणी न आणता ते रांधायचं. आबा एकटे राजा होतात, राणी होतात, दाराशी आलेला जोगी होतात. जोग्यासाठी आवाज नाकात, चांगुणेसाठी पट्टी तीच पण स्वर सरळ, कंप काढून टाकलेला. उखळाचा प्रसंग येतो तेव्हा तुणतुणं थांबतं आणि संबळाच्या मोठ्या तोंडावर एकच ठोका पडत राहतो. आबा गाणं सोडून बोलायला लागतात. "राणी, हात थांबला तर पाहुणा उठंल." एवढंच, आणि पुन्हा ठोका. हे श्रियाळाच्या तोंडी घालणं आबांचं स्वतःचं आहे. सगळे चांगुणेवर थांबतात, आबा बापाला तिथं उभं करतात, बायकोला थांबू न देणारा म्हणून.

पुढच्या रांगेतला एक जण मोबाइल वर धरून होता. त्याने तो खाली घेतला नाही, पण स्क्रीनकडे बघायचंही सोडून दिलं होतं.

साडेबाराला पेंगणारी डोकी मोजून आबा आख्यान मध्येच थांबवतात आणि करपल्लवी लावतात. हा गोंधळ्यांचा जुना खेळ. तुणतुणंवाला प्रेक्षकांत जातो, कुणीतरी त्याच्या कानात नाव सांगतो. तो परत येऊन बोटांची पेरं दाबतो, दुमडतो, सोडतो. प्रत्येक पेराला अक्षर ठरलेलं. आबा लांबून ते वाचतात आणि नाव मोठ्याने सांगतात. आज एका पोराने चलाखी करून माणसाचं नाव न सांगता 'पल्सर' सांगितलं. तुणतुणंवाल्याची बोटं क्षणभर जोडाक्षरापाशी अडखळली. आबा म्हणाले, "कुणाचा तरी गाडीत जीव अडकलाय." आणि मग, "हप्ते फिटले का?" मांडव जागा झाला. तिथून आबा पुन्हा श्रियाळाच्या दारात जाऊन उभे राहिले, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

चिलया जिवंत होतो तोवर दोन वाजले.

पहाटे साडेतीन

आरती. दिवटीचा पोत नवरा-नवरीच्या हाती, त्यांनी तो धरून चौकाभोवती फिरायचं. बायका ओवाळणी घालतात: दहाच्या, वीसच्या नोटा, एक पाचशेची. चौकातलं धान्य, नारळ, खण गोंधळ्यांचं. शिधा वेगळा. मुलगा उजेडात जाऊन पैसे मोजतो. साउंडवाल्याने दोन तासांचे जे घेतले ते पाच माणसांच्या रात्रीच्या बिदागीपेक्षा फार कमी नाहीत, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं; तो बोलत नाही. वाटणी गाडीत होते. नायकाला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक, आणि अर्धा वाटा संबळाच्या कातड्यासाठी बाजूला.

आबांचा आवाज आता घोगरा आहे, पण बसलेला नाही. दोन्हींतला फरक ते हाताने दाखवतात: घोगरा उद्या दुपारी जातो, बसलेला आठवडा घेतो. उद्या मानवतची सुपारी आहे.

यजमान गाडीपर्यंत येतो. "आबा, पुढच्या वैशाखात धाकट्याचं करायचं म्हणतोय. तेवढं दहापर्यंत दोन तासांत बसवता येईल का? पाहुण्यांना सकाळी निघायचं राहतं."

"येईल की. आवाहनातले देव कमी करावे लागतील. कोणते वगळायचे त्याची यादी तेवढी द्या."

यजमान हसतो, मग गप्प होतो. पायरीवर बसलेली आजी विचारते, "बांधावरचा म्हसोबा राहतो का त्यात?"

"त्यो लांबचा नाही, मावशी, पर शेवटी येतो. दहाला कापला तर त्योच कापला जाईल."

"मग रात्रभरच घाला," आजी म्हणते, आणि यजमानाला सांगते की सुपारी आत्ताच देऊन टाक.

मुलगा मोबाइलच्या उजेडात डायरी उघडतो.